संशोधनाला पैसा देण्यापूर्वी

विहीर खणण्याआधी आपण शेजाऱ्याला किती फुटांवर पाणी लागले ते विचारतो, खिसा चाचपतो आणि मगच सुरुंग लावतो. शेतकी संशोधनाचेही तसेच आहे. योजना पुष्कळ आणि पैसा थोडा. तेव्हा कोणती निवडावी हे आधीच ठरवावे लागते.

समजा, मिरचीच्या एका रोगावर संशोधन करावयाचे आहे. रोग 1,000 एकरांवर आहे आणि उपाय सापडल्यास एकरी 2,000 रुपये वाचतील. म्हणजे वर्षाला 20 लाख! अर्जात हाच आकडा ठळक लिहिलेला असतो. पण उपाय सापडण्याचा संभव चारात एक, आणि सापडला तरी निम्मेच शेतकरी तो वापरणार, असे धरले तर 20 लाखांचे अडीच लाख होतात. शिवाय फळ दहा वर्षांनी मिळणार. दरसाल 10 टक्के व्याज धरले, तर दहा वर्षांनी मिळणाऱ्या 100 रुपयांची आजची किंमत साडेअडतीस रुपयेच भरते. संशोधन न करताही रोग आटोक्यात येणार होता का, हेही विचारावे लागते. बहुतेक अर्जांत नेमका हाच प्रश्न गाळलेला असतो!

आता पपईचे उदाहरण घ्या. पांढरा पिठ्या ढेकूण 2008 साली कोइमतूरला दिसला, आणि पुढे पुण्याकडेही आला. त्याच्या अंगावर मेणचट कापूस असतो, त्यामुळे फवारा नीट लागत नाही. बागेत मारला तरी बांधावरच्या काँग्रेस गवतावर तो जिवंत राहतो व पुन्हा झाडावर येतो. या किडीचे मूळ ठिकाण मध्य अमेरिकेकडचे; तिकडे तिला खाणारे शत्रू होते, इकडे नव्हते. तेव्हा बेंगळूरच्या संस्थेने 2010 साली पोर्तो रिकोहून तीन जातींचे चिमुकले परोपजीवी कीटक आणविले. त्यांतल्या एकाने तर कमालच केली.

वरच्या हिशोबाला ही योजना लावून पाहा. यशाचा संभव मोठा होता, कारण ग्वाम बेटावर हेच कीटक आधीच यशस्वी झाले होते. वेळ थोडा लागणार होता. आणि मुख्य म्हणजे शेतकऱ्यांची मनधरणी करावी लागत नव्हती. बियाणे विकत घ्यावे लागते, फवारणी शिकावी लागते. कीटक मात्र स्वतःच उडत शेजारच्या बागेत जातो. गरिबाच्या दोन झाडांनाही त्याचा लाभ.

आफ्रिकेतही असेच घडले होते. ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, त्या कसाव्यावर 1970 नंतर पिठ्या ढेकूण पडला. तेथे मात्र शत्रूचा पत्ताच ठाऊक नव्हता. तो शोधत पॅराग्वेपर्यंत जावे लागले. म्हणजे पैसा देणाऱ्यांनी जास्त धोका पत्करला. 1981 पासून कीटक सोडले गेले, आणि त्या कामाबद्दल हान्स हेरेन यांना 1995 चे जागतिक अन्न पारितोषिक मिळाले.

यशाच्या अशा गोष्टी ऐकताना एक सावधगिरी हवी. अमेरिकेच्या झ्वी ग्रिलिखेस यांनी 1958 साली संकरित मक्याच्या संशोधनाचा हिशोब मांडला. परतावा वर्षाला 700 टक्के निघाला. पण त्यांनीच बजावले की हा तेल लागलेल्या एकाच विहिरीचा हिशोब झाला. कोरड्या गेलेल्या विहिरींचा खर्चही त्यात धरावयास हवा.