थेंबभर औषधाच्या घागरभर गोष्टी

फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी, आजोबांची एक इवलीशी बाटली उभी असते. काचबिंदूचे ड्रॉप! घरातलं सगळ्यात गरीब औषध: ना कडू काढा, ना सुई. पण तिची आणि तिच्या भावंडांची कुंडली मांडली, तर त्यात विषप्रयोग आहे, कोर्टकचेरी आहे, सौंदर्यप्रसाधनं आहेत आणि लडाखची सहलसुद्धा आहे.

नळ आणि मोरी
डोळ्याच्या आत एक नळ सतत ठिबकत असतो. हे अश्रू नव्हेत, आतलं पाणी. दिवसाला साधारण अर्धा चमचा. तितकंच पाणी बारीक जाळीच्या मोरीतून बाहेर जातं. मोरी तुंबली की डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू सुकते. काचबिंदू बहुतेकदा होतो तो असा. त्यावरची औषधं दोनच कामं करतात: नळ बारीक करा, नाहीतर मोरी मोकळी करा.

आरोपी, ही बी खा!
आजच्या नायजेरियातल्या कॅलाबार भागात आरोपीला एक विषारी बी खायला घालत. उलटी होऊन वाचला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. एडिंबराचे विषतज्ज्ञ रॉबर्ट ख्रिस्टिसन यांनी 1855 मध्ये ती स्वतःच खाऊन पाहिली आणि जिवावर बेतताच दाढीचं पाणी पिऊन उलटी काढली. पुढे कळलं, की या बीच्या अर्काने डोळ्याची बाहुली आकसते. 1876 मध्ये लुडविग लाक्वर यांनी तो काचबिंदूवर वापरला. गंमत म्हणजे लाक्वर स्वतःच काचबिंदूचे रुग्ण होते.

लाळ गाळणारं पान, चाळिशी घालवणारा थेंब
ब्राझीलच्या जाबोरांदी झुडपाची पानं चघळली की तोंडाला धबधबा सुटतो. 1875 मध्ये त्यातून पिलोकार्पिन वेगळं काढलं गेलं आणि लवकरच ते मोरी मोकळी करायच्या कामाला लागलं. पुढे नवी औषधं आली, हे म्हातारं कोपऱ्यात बसलं. आणि 2021 मध्ये अमेरिकेत त्याला नवी नोकरी लागली, चाळिशीवरचा थेंब म्हणून! बाहुली बारीक झाली की जवळचं स्पष्ट दिसतं, एवढंच त्याचं गुपित. भारतातही 2024 मध्ये अशा थेंबांना परवानगी मिळाली. पण आता चष्माच सुटणार असा गाजावाजा झाला आणि दावे हाताबाहेर गेल्याचं पाहून औषध नियंत्रकांनी ती परवानगी थांबवली.

सुंदरीचं विष
याच्या नेमकं उलट बेलाडोना. इटालियन भाषेत अर्थ ‘सुंदर स्त्री’. टपोऱ्या बाहुल्यांच्या हौसेपायी तिथल्या बायका या विषारी झाडाचा रस डोळ्यात घालत, असं सांगतात. त्यातल्या अॅट्रोपिनला नाव मिळालं ते आयुष्याचा धागा कापणाऱ्या ग्रीक देवतेवरून. आपल्याकडे महादेवाला वाहतात तो धोतरा याच कुळातला, विषही त्याच जातीचं. आणि आज? मुलांच्या चष्म्याचा नंबर भराभर वाढू नये म्हणून डॉक्टर याच अॅट्रोपिनचा अगदी सौम्य थेंब देतात. डोळ्यातली मोरी मुळातच अरुंद असेल, तर मात्र बाहुली मोठी करणारा थेंब दाब एकदम चढवू शकतो.

बीपीची गोळी डोळ्यात
रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांच्या डोळ्यांचा दाबही उतरतो, हे 1960 च्या दशकात लक्षात आलं. मग गोळीचा थेंब का करू नये? 1978 मध्ये अमेरिकेत टिमोलॉल बाजारात आलं आणि नळ बारीक करायची सोपी सोय झाली. पण जात बीपीच्या औषधाचीच. थेंब डोळ्यात पडला तरी नाडी मंदावू शकते, दमेकऱ्याला धाप लागू शकते.

पापण्या लांब, नाव प्रोस्टेटचं
लॅटानोप्रोस्ट आलं 1996 मध्ये. हे मोरीला पर्यायी वाट उघडून देतं. त्यामागचे शास्त्रज्ञ लासलो बितो 1956 च्या उठावानंतर हंगेरी सोडून अमेरिकेला गेलेले, आणि उतारवयात चक्क कादंबरीकार झालेले. हे औषध प्रोस्टाग्लॅन्डिन गटातलं. हा पदार्थ पहिल्यांदा वीर्यात सापडला, तो प्रोस्टेट ग्रंथीतून येतो असं वाटलं, म्हणून हे नाव. आजोबांच्या दोन तक्रारी एका शब्दात! या औषधांनी पापण्यांचे केस लांब, दाट, काळे होतात. रुग्णांच्या आधी बहुधा त्यांच्या सुनांच्या ते लक्षात आलं असावं. 2008 मध्ये याच गटातलं बिमाटोप्रोस्ट अमेरिकेत खास पापण्यांसाठी मंजूर झालं.

लेहला जाताय? मग काचबिंदूची गोळी घ्या
डायमॉक्स ट्रेकर मंडळींच्या ओळखीची. उंचीवर डोकं धरू नये म्हणून ती घेतात. 1954 पासून हीच गोळी काचबिंदूत नळ बारीक करते. बोटांना मुंग्या येतात, आणि दुसरी गंमत म्हणजे सोडा सपक लागतो. जिभेला बुडबुड्यांची चव कळवणारं एन्झाइमच ती गप्प करते. तेव्हा कोल्ड्रिंकवाल्याशी भांडू नका.

तिरळ्या डोळ्यातून सिनेमात
सुरकुत्या पुसणारं बोटॉक्स मूळचं डोळ्यांचं औषध. सॅन फ्रान्सिस्कोच्या अॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी आणलं, 1989 मध्ये मंजुरी मिळाली. पापण्या सारख्या मिटणाऱ्या रुग्णांनाही ते देत. कॅनडात अशा एका बाईंनी डॉक्टर जीन कॅरदर्स यांच्याकडे तक्रार केली, की यंदा कपाळावर सुई का दिली नाही? तिथे दिली की चेहऱ्यावरच्या आठ्या जातात ना! कॅरदर्सबाईंचे यजमान त्वचारोगतज्ज्ञ. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

टाचणी, कोकेन आणि गांजा
1884 मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर यांनी स्वतःच्या डोळ्यात कोकेनचा थेंब घातला आणि बुब्बुळाला टाचणी टेकवली. काहीच जाणवलं नाही! जागच्या जागी बधिर करून शस्त्रक्रिया करण्याची सुरुवात इथून. मित्र सिग्मंड फ्रॉइड त्यांना ‘कोका कोलर’ म्हणत.
अमेरिकेत रॉबर्ट रँडॉल यांनी काचबिंदूसाठी घरी गांजा लावला, पकडले गेले, आणि 1976 मध्ये खटला जिंकून चक्क सरकारी गांजा मिळवला. पण त्याने उतरलेला दाब तीन-चार तासांत पुन्हा चढतो, म्हणून डॉक्टर त्या वाटेला जात नाहीत.

इथे तळं साचत नाही
थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण डोळ्याला लागू नाही. बाटलीचा एक थेंबही डोळ्यात पुरता मावत नाही. दुसरा थेट गालावर. उरलेलं औषध नाकात उतरतं (घशाला कडू लागतं ते म्हणूनच) आणि तिथून रक्तात. उपाय फुकट आहे: थेंब घातल्यावर डोळा मिटा आणि नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबा. दुसरं औषध पाच मिनिटांनी.

आणि उलटी गोष्टही लक्षात ठेवा. डोळे आले, खाज सुटली, की मेडिकलमधून ‘लाल डोळ्याचं काहीतरी द्या’ म्हणून आणलेल्या थेंबात स्टिरॉइड असू शकतं. ते आठवडेच्या आठवडे घातलं तर काहींची मोरी तुंबते. म्हणजे औषधातून काचबिंदू!

डोळ्याचं औषध डोळ्यापुरतं कधीच नव्हतं. म्हणून दम्याच्या डॉक्टरांनी ‘औषधं कोणती चालू आहेत?’ विचारलं, की गोळ्यांची पिशवी उघडताना फ्रिजचं दारही उघडा, आजोबा.