आधी पालवी बघा, मग खत घाला

हुडी कपाटात गेली, दुपारी पंखा लागायला लागला, की समजायचं बाल्कनीतल्या कुंड्यांनाही जाग येतेय. मग आजच खताची पिशवी आणून ओतायची का? जरा थांबा! कुंडीतलं झाड उपाशी राहून पटकन मरत नाही, पण जास्त खत पडलं तर चार-आठ दिवसांत मान टाकतं.

कधी सुरू करायचं?
थंडीत मुळं संथ असतात. तेव्हा घातलेलं खत झाड धड उचलतही नाही. म्हणून तारीख झाडालाच विचारा. फांदीच्या टोकाला पोपटी, लालसर कोंब दिसले की त्याला भूक लागली. मुंबई-कोकणात थंडी कमी, तिथे जानेवारीअखेरही चालतं. पुणे, नाशिककरांनी साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत वाट बघावी.

मोगऱ्याचं टायमिंग
मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटव्यांवर. त्यामुळे थंडी ओसरताना हलकी छाटणी करा, फुटवे दिसले की खत द्या. उशीर केलात तर उन्हाळ्याचा पहिला बहर हुकलाच म्हणा. आणि युरियाचा मारा केलात तर पानंच पानं, फुलं गायब!

किती आणि कसं?
दहा इंची कुंडीला दोन मुठी गांडूळखत पुरे. वरची माती हलकी मोकळी करा, खत खोडाला न चिकटवता कडेनं पसरा आणि पाणी द्या. पुन्हा तीन-चार आठवड्यांनी. विद्राव्य १९:१९:१९ वापरत असाल, तर लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, संध्याकाळी आणि ओल्या मातीतच. कोरड्या मातीत का नाही? बारावीचं ऑस्मॉसिस आठवा. मातीत क्षार वाढले की मुळांना पाणी मिळायचं सोडून त्यांच्यातलंच पाणी बाहेर खेचलं जातं. पानांच्या कडा करपतात त्या यामुळेच.

खिसा रिकामा असेल, तर चहाचा चोथा आहेच. फक्त दूध-साखर धुऊन, वाळवून घाला. नाहीतर मुंग्यांची पार्टी ठरलेली.

कोणाला द्यायचं नाही?
नर्सरीतून नुकतंच आणलेलं, कुंडी बदललेलं किंवा आजारी रोप. त्यांना आधी सावरू द्या. नव्या रोपासाठी तीन-चार आठवडे थांबा.

हॉस्टेलवाल्यांनो, तुमच्यासाठी एक जास्तीची गोष्ट. परीक्षा संपवून घरी जाणार असाल, तर निघायच्या तोंडावर खत घालू नका. खत खाल्लेल्या झाडाला पाणी जास्त लागतं आणि एप्रिलच्या उन्हात ते द्यायला खोलीत कोणी नसेल. त्यापेक्षा कुंडी सावलीत सरकवा, मातीवर वाळक्या पानांचा थर द्या आणि पाण्याची जबाबदारी मागे राहणाऱ्या मित्रावर सोपवा. बदल्यात पहिल्या कळ्या त्याच्या!