घोरणे, अडलेला श्वास आणि मेंदू

‘अंथरुणाला पाठ टेकली की घोरायला लागतात, नशीबवान माणूस!’ असे आपल्याकडे कौतुकाने म्हटले जाते. घोरणे म्हणजे गाढ झोप, ही समजूत जुनी आहे. पण घोरता घोरता अचानक सामसूम होते, काही क्षण श्वासच थांबतो आणि मग घुसमटल्यासारखा मोठा आवाज होऊन तो पुन्हा सुरू होतो, असे रोज रात्री घडत असेल तर त्या झोपेचे कौतुक करू नये. हा ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ हा आजार असू शकतो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. मान जाड असेल, टॉन्सिल मोठे असतील किंवा खालचा जबडा आखूड असेल तर घशातील हवेची वाट मिटते. छाती-पोट हलत असते, पण हवा आत जात नाही. श्वास निदान १० सेकंद थांबला तर तो ‘ॲप्निया’ धरतात. रक्तातील प्राणवायू घटू लागला की मेंदू सावध होतो, माणसाला क्षणभर जागे करतो आणि घसा मोकळा होतो. श्वास थांबण्याचे किंवा फार उथळ होण्याचे असे प्रसंग तासाला ३० किंवा अधिक असतील तर आजार तीव्र समजतात. म्हणजे दर दोन मिनिटांनी कोणीतरी हलवून उठवावे, तशी ही झोप! गंमत अशी की, सकाळी रुग्णाला यातले काहीच आठवत नसते.

दवाखान्यात असे रुग्ण घोरण्याची तक्रार घेऊन क्वचितच येतात. पन्नाशीचे दुकानदार येतात ते स्मरणशक्तीचे टॉनिक मागायला. हिशेब चुकतो, गिऱ्हाइकावर उगाच चिडायला होते, दुपारी गल्ल्यावर डुलकी लागते. ‘वय झाले’ असे स्वतःच सांगून मोकळे होतात. सोबत आलेली पत्नी हळूच म्हणते, ‘डॉक्टर, रात्री यांचा श्वास थांबतो. मी हलवून जागे करते.’ ते हसण्यावारी नेतात. अशा वेळी मी रुग्णापेक्षा त्याच्या पत्नीचे अधिक ऐकतो.

मेंदूचे काम पूर्वीच्या टेलिफोन एक्स्चेंजसारखे आहे. नुसती केंद्रे शाबूत असून भागत नाही, त्यांच्यातील जोडण्याही नीट लागाव्या लागतात. आपण स्वस्थ बसून आठवणींत रमतो किंवा मनाशी विचार करतो, तेव्हा मेंदूतील काही भाग मिळून काम करतात. अमेरिकेतील शास्त्रज्ञ मार्कस रेकल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली या व्यवस्थेला ‘डिफॉल्ट मोड’ असे नाव दिले. हिशेबाची वही उघडली की हे जाळे शांत व्हावे आणि लक्ष देणाऱ्या जाळ्याने ताबा घ्यावा, हा नियम. स्लीप ॲप्नियाच्या रुग्णांचे एमआरआय काढून पाहिले, तेव्हा अनेक अभ्यासांत या जाळ्यांतील जोडण्या बिघडलेल्या दिसल्या. स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस आणि निर्णय व संयम सांभाळणारा कपाळामागचा भाग यांतही फरक आढळले. सर्व निष्कर्ष तंतोतंत जुळत नाहीत, हे खरे. पण दुकानदारांच्या तक्रारी आठवून पाहा. विसर, चुका, चिडचिड!

असे होण्याची कारणे मुख्यतः दोन. प्राणवायू रात्रभर पुन्हा पुन्हा कमी-जास्त झाल्याने पेशींना इजा होते. शिवाय झोप सलग न मिळाल्याने दिवसभरात शिकलेले पक्के होत नाही.

आशेची गोष्ट अशी की, यातले बरेच सुधारू शकते. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ‘सीपॅप’ यंत्राची पद्धत मांडली. नाकावरच्या मास्कमधून हवेचा सौम्य दाब देऊन घसा उघडा ठेवला जातो. इटलीतील डॉक्टरांनी २०११ साली, मोजक्या रुग्णांत का होईना, दाखवून दिले की तीन महिन्यांच्या या उपचाराने स्मरणशक्ती व लक्ष सुधारते आणि हिप्पोकॅम्पससह मेंदूच्या काही भागांचे आकारमानही वाढते. यंत्र रोज लावावे लागते आणि सुरुवातीला त्याचा कंटाळा येतो. वजन घटवणे व कुशीवर झोपणे यांचाही उपयोग होतो. रात्रीची दारू मात्र घसा आणखी सैल करते. झोपेच्या गोळ्या मनाने घेणेही धोक्याचे.

बायकांचे घोरणे घरात कोणी बोलून दाखवीत नाही. पाळी गेल्यानंतर त्यांच्यातही हा आजार वाढतो आणि थकवा ‘काळजीमुळे’ म्हणून सोडून दिला जातो. रक्तदाब औषधांनी आटोक्यात येत नसेल तरी झोपेची चौकशी करावी. ट्रक, एसटी किंवा जीप चालवणाऱ्यांना चाकावर डुलकी येत असेल तर तपासणी होईपर्यंत त्यांनी गाडी हाती घेऊ नये.

निदानासाठी एका रात्रीची झोपेची तपासणी करावी लागते. त्याआधी डॉक्टरांकडे जाताना खोलीत सोबत झोपणाऱ्या माणसाला बरोबर न्यावे. ते शक्य नसेल तर रात्रीचा आवाज मोबाइलवर टिपून न्यावा.