नाकातून बोलणारी मुले : उपेक्षा नको, उपचार हवेत

गुरुजींनी प्रश्न विचारताच एखादे मूल मान खाली घालते. त्याला उत्तर येत नसते असे नव्हे. तोंड उघडताच वर्ग हसेल, ही धास्ती असते. अशा मुलास 'गेंगाणे' म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः हा बहुधा शरीररचनेतील दोष असून तो पुष्कळ अंशी दूर करता येतो.

ङ, ञ, ण, न, म ही अनुनासिके नाकावाटे उमटतात. इतर व्यंजनांच्या वेळी घशाजवळील मृदू टाळू वर उचलली जाऊन नाकाची वाट बंद होते. टाळू दुभंगलेली, आखूड वा दुर्बल असल्यास ही वाट उघडी राहते आणि 'पाटी', 'काका' हे शब्दही नाकातून येतात. याउलट सर्दीने किंवा नाकामागील गाठी वाढल्याने वाट बंद झाली, तर 'मामा'चा 'बाबा' व 'नाना'चा 'दादा' होतो. दोहोंचे उपचार भिन्न आहेत. टाळू दुर्बल असता गाठी काढल्यास दोष उलट वाढू शकतो; म्हणून तपासणी आधी व्हावी.

नाकाखाली आरसा धरून मुलास 'पापा' म्हणावयास सांगावे. उच्चार चालू असताना आरसा धुकट झाल्यास वारा नाकातून निसटतो, असे समजावे. तान्ह्या मुलाच्या नाकातून दूध येणे हीही सूचनाच होय.

जुन्या हुबळीत घरी मराठी व शाळेत कन्नड बोलणारी मुले आढळतात. त्यांचे सदोष बोलणे 'दोन भाषांचा गोंधळ' समजून सोडू नये. हा दोष दोन्ही भाषांत उमटतो. ग्रहणामुळे टाळू दुभंगते, हा समजही निराधार आहे.

दुभंगलेली टाळू साधारणतः नऊ ते अठरा महिन्यांच्या वयात शिवतात. पुढे वाचातज्ज्ञाकडून उच्चारांचा सराव व कानांची तपासणी आवश्यक असते. केवळ फुंकर मारण्याच्या व्यायामाने हा दोष जात नाही.

हुबळीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५७ पासून कार्यरत आहे. धारवाडनजीक सत्तूर येथील दंत महाविद्यालयात ओठ व टाळूच्या शस्त्रक्रिया होतात. म्हैसूरला १९६५ मध्ये स्थापन झालेली वाचा-श्रवण संस्था आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व सरकारी शाळांतील मुलांची तपासणी विनामूल्य होते. पालकांनी व शिक्षकांनी तेथे मुलाचे बोलणे आवर्जून निदर्शनास आणावे. वेळीच उपचार झाल्यास तेच मूल उद्या वर्गात हात वर करील.