मळवलीच्या दगडावरचे देव

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल पिंपरी, चिंचवड, देहूरोड, तळेगाव मागे टाकत मळवलीला येते. कार्ला-भाजे लेण्यांजवळच्या या गावातून एकेकाळी लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी देशभर जात.

चित्रकार राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाप्रेस काढला. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीहून आले. मुंबईत प्लेग पसरला आणि शतक सरता सरता प्रेस मळवलीला हलला. पुढे कर्ज वाढलं आणि तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला.

काम मोठं चिकाटीचं. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र उलटं उतरवायचं. दगड ओला केला की रेषेवर पाणी ठरत नाही आणि ओल्या जागी शाई चढत नाही. म्हणून रूळ फिरवला की शाई फक्त रेषा धरते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. कागद जरा सरकला, की लक्ष्मीच्या साडीचा रंग तिच्या हातावर यायचा.

या तसबिरीने देवाचा पत्ता बदलला. पर्वतीच्या मंदिरात जाता यावं म्हणून दलितांना १९२९ साली पुण्यात सत्याग्रह करावा लागला. बाजारातली तसबीर घ्यायला मात्र पुजाऱ्याची परवानगी लागत नव्हती.

पण त्याच दगडावर तेढही छापली गेली. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली होती, गोरक्षणाची चळवळ तापली होती. या प्रेसच्या एका प्रसिद्ध चित्रात गाईच्या अंगी चौऱ्याऐंशी देवता आहेत आणि पशुमुखी राक्षस तलवार उपसून तिच्यावर धावतो आहे. त्या राक्षसात कुणाला कलियुग दिसलं, कुणाला शेजारचा मुसलमान.

छापील चित्र धर्माच्या भांडणात उतरतं, हे युरोपने आधीच अनुभवलं होतं. १५२१ साली जर्मन चित्रकार लुकास क्रानाखच्या लाकूडठशांनी ख्रिस्ताचा साधेपणा आणि पोपचा थाट समोरासमोर मांडला आणि निरक्षरांनाही धर्मवादात ओढलं.

१९७२ साली आगीने मळवलीच्या प्रेसची मोठी हानी केली. त्याच्या चित्रांना भडक म्हणून बाजूला सारणं सोपं आहे, पण अन्यायाचं आहे. दाराबाहेर ठेवलेल्यांच्या भिंतीवर देव आणणारा आणि शेजाऱ्याला राक्षस ठरवायला वाव देणारा छापखाना एकच होता. आपल्या समाजाचा इतिहास लिहिताना या दोन्ही गोष्टींची नोंद एकाच पानावर व्हायला हवी.