चिठ्ठीत कोणाचं नाव आलं?

२०२४ ची ईद ११ एप्रिलला, गुरुवारी होती. दुसऱ्या दिवशी, बासी ईदला, जुम्म्याची नमाज आणि जेवणं आटोपल्यावर आमच्या धरमतरच्या घरात १७ मुलं ओटीवर गोल करून बसली. कोणी पेणहून आलेलं, कोणी रोह्याहून, कोणी मुंब्र्याहून दिवा-रोहा गाडीने, तर एक कुटुंब थेट कुवेतहून. मध्ये रंगीत कागदात बांधलेल्या पुडक्यांचा ढीग. आम्ही मोजली, तर पुडकी १६ च भरली. सतरावं पुडकं धाकट्या दिरांच्या नऊ वर्षांच्या मुलीने ओढणीखाली धरून ठेवलं होतं. "माझं नको मोठीअम्मा, मी नुसती बघते," ती म्हणाली.

त्या पुडक्यात एक कंपासपेटी होती. तिला शाळेत बक्षीस मिळालेली, न वापरलेली. दिरांचा टेम्पो दोन महिने गॅरेजमध्ये पडून होता आणि घरात ईदचे कपडेच कसेबसे झाले होते. पण पोरीला आदल्या रात्रीच कळलं होतं, की कुवेतच्या भावाच्या पुडक्यात रिमोटवर चालणारी गाडी आहे.

खेळ आम्हीच आणला होता, हे आधी कबूल केलं पाहिजे. आम्ही तिघी जावा आणि एक नणंद. नणंदेच्या ऑफिसात वर्षअखेरीस तो खेळतात. नंबर काढायचा, आपल्या पाळीला ढिगातलं नवं पुडकं उघडायचं किंवा दुसऱ्याने उघडलेलं काढून घ्यायचं. अमेरिकेत त्याला 'व्हाइट एलिफंट' म्हणतात. तिथे मोठी माणसं मुद्दाम निरुपयोगी वस्तू आणतात, म्हणून हिसकावण्यात गंमत येते. मुलांच्या हातात हाच खेळ दिला की गंमत राहत नाही, हिसकावणं तेवढं उरतं. रिमोटची गाडी चार हातांतून गेली. पाच वर्षांच्या ज्या पोराने ती पहिल्यांदा उघडली होती, तो मगरीबपर्यंत हुंदके देत होता. शेवटी ज्याला मिळाली, त्यालाही ती सुखाने खेळता आली नाही.

रात्री भांडी आवरताना सासूबाईंनी विचारलं, "दिलेली वस्तू परत घेणाऱ्याला आपल्या नबींनी काय म्हटलंय, माहीत आहे ना?" माहीत होतं. भेट देऊन ती परत घेणाऱ्याची उपमा हदीसमध्ये ओकून पुन्हा तेच चाटणाऱ्या कुत्र्याशी दिली आहे. खेळात देणाराच परत घेत नाही, एवढा फरक आम्ही सांगून पाहिला. त्या म्हणाल्या, "पोराला तो फरक कळला का?"

मग त्यांनी नोमान बिन बशीर (रजि.) यांची गोष्ट काढली. त्यांच्या वडिलांनी या एकाच मुलाला भेट दिली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांना साक्षी राहण्याची विनंती केली. प्रेषितांनी विचारलं, सगळ्या मुलांना असंच दिलंस का? नाही म्हटल्यावर त्यांनी साक्ष द्यायला नकार दिला आणि मुलांमध्ये न्याय करायला सांगितलं. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. आम्ही ती वारसाहक्काच्या चर्चेत अनेकदा ऐकली होती. ओटीवर बसलेल्या १७ मुलांशी तिचा काही संबंध असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

खेळ बंद करायचा, असं त्या रात्री ठरलं. पण पुढच्या रमजानच्या पहिल्याच आठवड्यात मुलांचे फोन सुरू झाले, "या वर्षी पुडकी आहेत ना?" मग आम्ही उलटं केलं. खेळाचे नियम मुलांनाच विचारले, आणि विचारण्याची सुरुवात त्या ओढणीवालीपासून केली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सगळ्यांचं सारखंच असू दे. आणि कोण कोणाला देणार ते आधी कळू दे." तिच्या या दोन वाक्यांवर पुढचं सगळं उभं राहिलं.

५० रुपयांची मर्यादा ठरली. घरी केलेली किंवा पिकवलेली वस्तू चालेल, फक्त पैसे चालणार नाहीत, कारण पैसे म्हणजे ईदी आणि ती मोठ्यांनी द्यायची. चिठ्ठ्यांचा एक घोळ दरवेळी होतो, कोणाला तरी स्वतःचंच नाव येतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. रोह्याच्या भाच्याने त्यावर तोड काढली. सगळी नावं डब्यात हलवायची, एकेक काढून कागदावर गोलाकार लिहायची, आणि प्रत्येकाने आपल्या पुढच्या नावाला द्यायचं. स्वतःचं नाव येणं शक्यच नाही आणि कोणी सुटतही नाही. सख्खी भावंडं शेजारी आली तर तेवढी जागा बदलायची. पाच वर्षांखालची मुलं मोठ्या भावंडाच्या जोडीने एक धरली.

"चिठ्ठ्या काढणं म्हणजे जुगार तर नाही ना गं?" सासूबाईंनी मध्येच विचारलं. प्रश्न योग्यच होता. कुरआनात सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत जुगाराची मनाई आहे. पण जुगारात एकाचं जातं आणि दुसऱ्याला मिळतं. इथे प्रत्येकजण एक देतो, एक घेतो, चिठ्ठी फक्त नाव ठरवते. नाव ठरवण्यासाठी चिठ्ठी टाकणं जुनंच आहे. हजरत मरयमचा सांभाळ कोणी करायचा यासाठी लेखण्या टाकल्याचा उल्लेख सूरह आले इमरानच्या ४४ व्या आयतीत आहे, आणि सफरीत कोणत्या पत्नीने सोबत यायचं हे प्रेषित (स.) चिठ्ठीनेच ठरवत. पैसे भरून तिकीट घ्यायचं आणि एकालाच बक्षीस, अशी सोडत मात्र आम्ही घरात आणणार नाही.

रमजानचे दिवस मुलांचे कसे गेले, ते बघायला हवं होतं. आपल्याला काय मिळणार, हे विचारणंच बंद झालं. 'त्याला काय आवडतं' याची चौकशी सुरू झाली, तीही गुपचूप. मुंब्र्याच्या बारा वर्षांच्या मुलाला कुवेतच्या बहिणीचं नाव आलं होतं. तिच्याकडे सगळंच आहे, ५० रुपयांत तिला काय देणार, म्हणून तो रडकुंडीला आला. आमच्या नणंदेने त्याला प्रेमचंदांची 'ईदगाह' ही १९३३ मधली कथा सांगितली. जत्रेत तीन पैसे घेऊन गेलेला हमीद खेळणी सोडून आजीसाठी चिमटा आणतो, कारण भाकरी भाजताना तिची बोटं पोळतात. मुलगा म्हणाला, "म्हणजे तिची बोटं कुठे पोळतात ते बघायचं." मग त्याने व्हिडिओ कॉलवर शोध लावला, की तिला इथलं काहीच बघायला मिळत नाही. त्याने खाडीतल्या बार्जेस, जेट्टी, धरमतरचा पूल, मिठागरं आणि सासूबाईंची चूल अशी बारा चित्रं काढून वही शिवली. दोऱ्यासकट खर्च ३५ रुपये.

सगळंच गोड झालं असं नाही. रोह्याच्या दोन मोठ्या मुलांनी आपसात नावं बदलली आणि वर दहा रुपये घेतले. ते उघडकीला आल्यावर बरीच बोलणी बसली. एका आईने मर्यादा मोडून २०० रुपयांचा टॉप आणला. तिला आम्ही तो ईदी म्हणून वेगळा द्यायला लावला, थोडी नाराजी पत्करून. मर्यादा मोडतात ती बहुतेक मोठी माणसंच, हा आमचा अनुभव.

ईद ३१ मार्चला, सोमवारी झाली. मंगळवारी ओटीवर मुलं १९ होती, चिमुकली जोडीला धरून देणारे १६. शिवाय दोन पुडकी आम्ही मुद्दाम जास्तीची बांधून ठेवली होती आणि ती कामी आली, कारण शेजारच्या आगरी घरातली बहीण-भाऊ शिरखुर्मा प्यायला आले ते बसूनच राहिले. त्यांना काही द्यायचं नसताना घ्यायचं कसं, असा प्रश्न त्या भावालाच पडला. तो पळत घरी गेला आणि पांढऱ्या कांद्याची एक माळ घेऊन आला. अलिबागचा पांढरा कांदा मार्चअखेरीस वडखळ ते अलिबाग रस्त्यावर जागोजाग टांगलेला असतो, त्याला भौगोलिक मानांकनही आहे. पण ईदची भेट म्हणून तो आमच्या घरात पहिल्यांदाच आला. माळ कोणाला द्यायची यावर जो गोंधळ झाला, तो त्या दिवसातला सगळ्यात मोठा. शेवटी सासूबाईंनी ती घेतली आणि चुलीवरच्या आढ्याला टांगली.

या वेळी पुडकी एकदम फोडली नाहीत. देणाऱ्याने उठायचं, सलाम करून पुडकं हातात द्यायचं, आणि हे का निवडलं ते एका वाक्यात सांगायचं. घेणाऱ्याने तिथेच उघडून 'जझाकल्लाह' म्हणायचं. तीन-चार मुलं एक वाक्यही बोलू शकली नाहीत, त्यांना आम्ही बोलायला लावलं नाही.

ओढणीवालीची पाळी नववी होती. तिला त्याच पाच वर्षांच्या, आता सहा वर्षांच्या, गाडीवाल्या भावाचं नाव आलं होतं. तिने काडेपेट्या आणि बाटलीच्या झाकणांची गाडी केली होती, निळ्या रंगाची, मागे सुतळी बांधलेली. "ही कोणी घेणार नाही तुझ्याकडून," ती म्हणाली. त्याने सुतळी मनगटाला गुंडाळली आणि गाडी ओढत थेट अंगणात गेला. बाकीची पुडकी त्याच्याशिवायच उघडावी लागली.