ऑर्फन ट्रेन: रेल्वेने वाटलेली मुलं

१८५४ ते १९२९ या काळात न्यूयॉर्क आणि पूर्वेकडच्या इतर शहरांतली सुमारे २ लाख मुलं रेल्वेने अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात पाठवली गेली. गावोगावी लोक जमायचे, मुलं निवडून घरी न्यायचे. नाव ‘ऑर्फन’ म्हणजे अनाथ, पण कित्येकांचे आईवडील तर हयात होते! काहींना माया मिळाली, काही नुसती राबली.

क्रिस्टिना बेकर क्लाइन यांची ‘ऑर्फन ट्रेन’ (२०१३) ही कादंबरी याच इतिहासावर उभी आहे. ग्रंथालयातलं पुस्तक चोरल्याची शिक्षा म्हणून फॉस्टर घरात राहणारी १७ वर्षांची मॉली ९१ वर्षांच्या व्हिव्हियनचा माळा आवरायला येते. एकेक खोकं उघडतं, तशी दोघींची गट्टी जमते. व्हिव्हियनही लहानपणी याच ट्रेनने आलेली. मला सगळ्यात भिडली ती ही छोटी व्हिव्हियन. आयर्लंडची नीव्ह आधी डोरोथी होते, मग व्हिव्हियन. घरासोबत नावही बदलतं. इंग्रजी सोपं आहे, कॉलेजातल्या मुलांनीही जरूर वाचावी.